एकच खाडाखोड

अर्जनवीस बोलायला लागला की आधी विषय सांगायचा. "विषय, चहा," असं म्हणून तो हॉटेलच्या बाकावर बसायचा. "विषय, गुडघा," म्हणाला की समजायचं, आज तो बाजारापर्यंत चालत येणार नाही. देगलूरला तहसील कचेरीसमोर लिंबाखाली त्याचं टेबल होतं. तिथं तो तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देत होता. विहिरीचे, वारसाचे, फेरफाराचे. सीमेपलीकडून सासरी आलेल्या बाया त्याला तेलुगूत सांगायच्या आणि तो मराठीत उतरवायचा. समोर कॉम्प्युटरची दुकानं झाली तरी त्याच्यापुढची माणसं हटली नाहीत, कारण तो आधी ऐकून घ्यायचा.

अर्जाबद्दल त्याचे तीन नियम होते. पहिला, "अर्जात रडायचं न्हाई, मागायचं." दुसरा खाडाखोडीचा. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं तरी तो कागद बाजूला सारून पहिल्यापासून लिहायचा. "खोडलेलं दिसलं की सायबाला वाटतं, ह्या माणसाचं मन बदललं," असं त्याचं म्हणणं. तिसरा, अर्ज दिला की आपल्या प्रतीवर गोल शिक्का मारून पोच घ्यायलाच हवी. पोच न घेता परत आलेल्या माणसाला तो तसाच उन्हात परत पाठवायचा.

त्याचं नाव दानिएल. हे सांगायला हवं, कारण आमच्याकडे नावाचा प्रश्न मोठा आहे. आमच्या चर्चमधल्या बहुतेकांना दोन नावं आहेत. रविवारी एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. कागदावर धर्म ख्रिस्ती लिहिला की जातीची सवलत जाते, म्हणून आमच्या आईबापांनी ही सोय केली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो तो या कागदावरच्या नावावर. अर्जनवीस माझ्यापेक्षा हुशार होता. त्यानं मात्र प्रत्येक कागदावर दानिएलच लिहिलं, आणि तो लिंबाखाली बसला. याबद्दल तो मला कधी टोचून बोलला नाही. तो मला "गुरुजी" म्हणायचा, एकांतातसुद्धा.

एकांताबद्दलही लिहायलाच हवं. मी सव्वीस वर्षांचा होतो, तो तिशीचा. चार वर्षं मी संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याच्या खोलीवर जात होतो. तो भाकरी थापायचा, मी कांदा फोडायचो. आमच्यात जे होतं त्याला प्रेम म्हणायला मला पन्नाशी उलटावी लागली. तेव्हा मी त्याला काहीच म्हणत नव्हतो. दाराची कडी लावली आहे ना, हे उठून दोनदा बघायचो. तो हसायचा. "गुरुजी, कडी बी थकली आता."

मग घरच्यांनी माझं लग्न ठरवलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात आणि कोणाची हरकत असेल तर त्यानं सांगावं असं विचारतात. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा तो माझ्या मागच्या सतरंजीवर बसला होता. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. तो खोकला, आणि मला वाटलं, संपलं. त्यानं फक्त चष्मा पुसला. बाहेर आल्यावर हात मिळवून "सलाम गुरुजी" म्हणाला आणि हळू आवाजात पुढं, "हरकत लेखी द्यावी लागती. मी दिली न्हाई."

त्यानंतर आम्ही नुसते ओळखीचे झालो. मी लिंबाखालून जायचो, तो "विषय, तब्येत?" विचारायचा. माझी मुलं मोठी झाली. तो एकटाच राहिला.

कोर्टानं, आमच्यासारखी माणसं गुन्हेगार नाहीत असं सांगितलं, त्या दिवशी त्यानं सगळ्या कचेरीला पेढे वाटले. कोणी विचारलं तर म्हणाला, "एक जुना अर्ज मंजूर झाला." मी पेढा घेतला आणि खिशात ठेवला. खायची भीती वाटली. पुढं लग्नाचा प्रश्न आला तेव्हा कोर्ट म्हणालं, हे आमचं काम नाही, कायदा करणाऱ्यांनी बघावं. मला वाटलं, आता तरी हा गप्प बसेल. तो उलट खूश. "खिडकी तर दाखवली ना त्यांनी. आता तिथं जायचं."

आणि नवं सरकार आलं. आमच्या चर्चमध्ये त्या दिवसांत सगळे दबून होते. प्रार्थनेला भाड्यानं घेतलेली खोली मालकानं सोडायला सांगितली होती. रविवारी गाणं म्हणताना आम्ही खिडक्या लावून घेत होतो. अशात अर्जनवीस शपथविधी टीव्हीवर बघायला माझ्या शाळेजवळच्या हॉटेलात आला, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून.

"नवं सरकार म्हणजे शाळेत आलेला नवा मास्तर," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं विचारतो. मागच्या बाकावरच्यांची बी. तवाच सांगून ठेवावं, गुरुजी. मागून कोन इचारतंय."

त्यानं मुख्यमंत्र्यांच्या नावानं अर्ज लिहिला होता, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. मागण्या तीन. सोबत राहणाऱ्या दोन पुरुषांना किंवा दोन बायांना एक घर समजावं. दवाखान्यात एकमेकांसाठी सही करता यावी. एक मेला तर दुसऱ्याला खोलीतून काढू नये. पहिलं वाक्य होतं, "आम्ही खाली सही करणारे, राहणार जिल्हा नांदेड, धर्मानं ख्रिस्ती." खाली दोन अर्जदारांची जागा होती. दुसऱ्या जागी माझं नाव त्यानं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. चर्चमधलं.

"एकट्यानं लिवलं तर ती तक्रार होती," तो म्हणाला. "दोघांनी लिवलं की मागणी. तुम्ही माझ्यासंग राहता असं न्हाई लिवलं मी. निस्ती मागणी हाय."

चर्चच्या पंचांना कुणकुण लागली. त्यातले एक म्हातारे पंच त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "दानिएल, आपल्याला बसायला जागा मिळंना झाली, अन् तू हे काय करून राहिलास? उद्या आपली गाणी बंद करतील."

"काका, तुमचा शेड नावावर करायचा अर्ज कोनी लिवला?"

"तूच लिवलास."

"मग हा बी मीच लिवतो."

म्हातारे रागावले नाहीत. ते खरंच घाबरले होते. मी त्यांच्याहून जास्त घाबरलो होतो. त्या एका कागदावर माझी नोकरी, माझं लग्न आणि माझी जात, तिन्ही एकदम उघडी पडणार होती. तरी मी हो म्हणालो. तेवीस वर्षांपूर्वी तो फक्त खोकला होता, त्याचं मला काहीतरी द्यायचं होतं.

सोमवारी आम्ही नांदेडची एसटी धरली. वाटेत नरसीला त्यानं भजी घेतली. सही खिडकीवरच करायची असं ठरलं, कारण घरी मी पेन काढून दोनदा परत खिशात ठेवलं होतं. जिल्हाधिकारी कचेरीतल्या आवक-जावकच्या खिडकीपुढं पंधरा-वीस माणसं होती. आमच्यापुढं तिघं उरले असताना मागून आवाज आला, "काय गुरुजी, इकडं कुठं?"

आमचे केंद्रप्रमुख. हातात शाळांची फाईल.

"आधारचं काम होतं, सर."

"आधार इथं कुठं? अन् हे कोण, तुमच्यासोबतचे?"

अर्जनवीस माझ्याकडे बघत होता. कागद त्यानं छातीशी धरला होता, लिहिलेली बाजू आत.

"माहीत नाही सर," मी म्हणालो. "रांगेतले आहेत."

अर्जनवीसानं मान डोलावली, अनोळखी माणूस डोलावतो तशी. "मी बी अत्ताच आलो, सायेब," तो म्हणाला. मी पाणी पिऊन येतो असं कोणालातरी सांगितलं, कोणाला ते आठवत नाही, आणि कचेरीच्या फाटकातून थेट बसस्टँडवर गेलो. देगलूरची गाडी लागलेली होती. मी खिडकी लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी मी लिंबाखाली गेलो. तो कोणाचा तरी वारसाचा अर्ज लिहीत होता. "पोच मिळाली," एवढंच म्हणाला.

"पण माझं नाव होतं त्यावर. सही नसताना घेतला कसा त्यांनी?"

"विषय मिटला, गुरुजी. तुमचं नाव कुठंच गेलं न्हाई. निवांत ऱ्हावा."

मी निवांत राहिलो नाही. कितीतरी दिवस शाळेच्या पत्त्यावर सरकारी लिफाफा आला की मी आधी पाठवणाऱ्याचा शिक्का बघायचो. तो मात्र वाट बघत होता. पोस्टमन लिंबाकडे वळला की पेन खाली ठेवायचा.

उत्तर आलं नाही. पावसाळ्यात तो लातूरला पुतण्याकडे गेला आणि तिथं त्याच्या छातीत कळ आली. पुतण्याचा फोन आल्यावर मी निघालो. मी पोचलो तेव्हा पुतण्या आपल्या डाळमिलमध्ये सुटी मागायला गेला होता, दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढं केला. पेशंटशी नातं. तिथं मी बराच वेळ पेन टेकवून उभा होतो. मग लिहिलं, "ओळखीचे."

"आत फक्त घरची माणसं जाऊ शकतात, काका," ती म्हणाली.

मी जिन्यावर बसलो. पुतण्या आला तोपर्यंत सगळं संपलं होतं. घरी परतल्यावर बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचा माणूस गेला. दोन घास खाऊन घ्या." तिनं आणखी काही विचारलं नाही. तिला किती माहीत आहे, हे विचारायची माझी हिंमत आजही होत नाही.

पुतण्यानं त्याची फाईल मला दिली. "काका म्हणले होते, गुरुजींना द्या." आत त्या अर्जाची त्याची प्रत होती, गोल शिक्क्यासहित. सोमवारच्या रांगेत त्याला तो पुन्हा लिहायला वेळ नव्हता. "आम्ही" तसंच राहिलं होतं. त्याची सही स्वच्छ होती. खाली दुसऱ्या अर्जदाराच्या जागी त्यानं माझं नाव खोडलं होतं, आडवं, उभं, पुन्हा आडवं, कागद फाटायच्या बेतापर्यंत, आणि शेजारी कचेरीच्या नियमाप्रमाणे आपली छोटी सही केली होती. त्याच्या हातची खाडाखोड मी जन्मात तेवढी एकच पाहिली.

मी तो कागद अधूनमधून उजेडाकडे धरतो. एक अक्षरसुद्धा लागत नाही. त्यानं काम चोख केलं आहे. त्याच अर्जाची नवी प्रत मी गेल्या महिन्यात लिहून काढली, "आम्ही"च्या जागी "मी" घालून. ती टेबलाच्या खणात आहे. खाली सहीची जागा मोकळी आहे, आणि हे जे तुम्ही वाचताय, त्यातही त्याचं नाव आहे, माझं नाही.