मंगळवारी येणारा नालबंद

आमच्या नालबंदाइतका उशीर करणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात नसेल, आणि असलाच तर तो अजून पोचायचा आहे. "मंगळवारी येतो, वैनी," असं तो म्हणाला की मी समजायची, गुरुवारी, नाहीतर शुक्रवारी. एकदा मात्र हा बाबा खरंच मंगळवारी उगवला, तर दार उघडून मी घाबरून पहिलं हेच विचारलं, "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?" तोही ओशाळला. म्हणाला, "मागच्या मंगळवारचा आलो, वैनी."

घोडी आमच्या ह्यांची. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर लोक गुलाब लावतात, भजनाला जातात. ह्यांनी एका टांगेवाल्याची पांढरी घोडी आणून परसात बांधली. टांगे बंद पडत होते, तिला कोणी घेईना, म्हणून ह्यांना दया आली. मला अजिबात आली नाही. लीद कोण काढणार, एवढं विचारून मी ह्यांच्याशी अबोला धरला. मग ती माझ्या हातून गूळ खायला लागली आणि माझाच आवाज बंद झाला. लग्नसराईत बँडवाले तिला वरातीला नेतात. एरवी ती परसात उभी राहून मी काय करते ते बघत असते. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा बंगळूरला. मी फोनवर मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि फोन ठेवता ठेवता न चुकता म्हणतो, "आई, घोड़ी का कुछ सोचा?"

नालबंद मूळचा अचलपूरकडचा. रायपुरातल्या आमच्या तात्यापाऱ्यात मराठी घरं पुष्कळ, पण जिच्याशी मनसोक्त भांडावं अशी जुनी मंडळी एकेक करून कमी झाली, त्यामुळे ते काम त्याच्याकडे आलं. आला की सायकल भिंतीला टेकवणार, पत्र्याची पेटी उतरवणार आणि आधी घोडीला झापणार, "काहून वं, तंगड्या झाडून राहिली? मले का दुसरे घोडे नाहीत?" एक खूर झाला की चहा. दुसरा झाला की ह्यांच्या गोष्टी, त्याही माझ्याहून त्याला जास्त ठाऊक. तिसऱ्याशी जेवणवेळ व्हायची, आणि मी काही म्हणायच्या आत, "आता तुमी एवढं म्हणता तर," असं म्हणत तो हात धुवायचा. वांग्याची भाजी खाऊन वर सांगायचा, मीठ कमी आहे. माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारा आता तेवढाच उरला आहे.

रायपूर राजधानी झालं आणि त्याला उशिराची ताजी कारणं मिळाली. "रस्ता काल इकडं होता, आज तिकडं करून ठेवला, मी काय करू?" एकदा कुठल्याशा साहेबांच्या गाड्या जायच्या म्हणून पोलिसानं त्याला चौकात थांबवलं. गाड्या गेल्या, गर्दी गेली, हा उभाच. "थांब म्हटलं त्यानं, जा कुठं म्हटलं?" शेवटी पोलिसाशी ओळख निघाली, दोघं चहाला गेले, आणि माझी घोडी शुक्रवारवर ढकलली गेली. नवे बंगले झाले तसे दारावर ठोकायला काळ्या घोड्याची नाल मागणारे लोक आमच्याकडे येऊ लागले. शनीची पीडा टळते म्हणे. नालबंद त्यांना परसात नेऊन घोडी दाखवायचा. एक साहेब म्हणाले, "घोड़ी सफ़ेद है, नाल तो काली है न!" त्यानं हात जोडले, "शनिमहाराज को आप ही समझा लेना, भैया, मेरे से नहीं होगा." नाल काही दिली नाही.

पण गेल्या हिवाळ्यात त्याचा मंगळवार फारच लांबला. खूर वाढले, एका पायाची नाल सैल झाली, आणि घोडी पुढचा पाय टेकेना. मुलगा म्हणाला, "लंगड़ी हो गई तो कैसे रखोगी? किसी को दे दो." देऊन कशी टाकू? ह्या घरात मी दिसले की मान वळवून पाहणारं ते एकच माणूस उरलंय, आणि तेही घोडी. बँडवाल्यानं भनपुरीकडचा दुसरा नालबंद सुचवला, मोटारसायकलवाला, दिलेली वेळ पाळणारा. माझं काही केल्या ठरेना. जुन्याला सोडणं जिवावर येत होतं, आणि न सोडावं तर घोडीचा पाय जात होता. ह्यांच्या फोटोपुढे उभी राहून मी चांगली भांडले, की हे लफडं तुमचं, तुम्हीच निस्तरा. फोटोत हे हसताहेत, त्याचा काय उपयोग! शेवटी केला फोन.

अकरा म्हणाला, अकराला आला. खूर तासले, नाल ठोकली, घोडीला चालवून दाखवलं. मी चहाचं आधण ठेवून बाहेर येते तर ह्याचं हेल्मेट डोक्यावर. "चाय नहीं आंटीजी, सिलतरा में दूसरा घोड़ा है." घोडी चारी पायांवर ऐटीत उभी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग आत जाऊन दोन्ही कप चहा मीच प्यायले आणि दुपारभर पित्तानं हैराण झाले.

शनिवारी जुना आला. "मंगळवारीच येऊन राहिलो होतो, वैनी, पण..." बोलता बोलता त्यानं घोडीचा पाय उचलला. मी दारात पदर पिळत उभी. त्यानं चारी पाय पाहिले, अंगठ्यानं खिळे चाचपले.

"चांगलं काम आहे," तो म्हणाला. "माह्यापेक्षा बेस."

"पाय टेकत नव्हती हो ती! किती निरोप धाडले तुम्हाला!" माझा आवाज उगाचच चढला.

"बरंच केलं तुमी. घोडीचा पाय मोठा का मी मोठा?"

पेटी न उघडताच त्यानं ती पुन्हा सायकलला बांधायला घेतली. दोरीची गाठ काही बसेना. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "मंग आता मी कधी येऊ?"

काय सांगणार होते मी? घोडीचं काम भनपुरीवाल्याला दिलं होतं आणि ते मी बदलणार नव्हते. "मंगळवारी या," मी म्हणाले.

"हव," तो म्हणाला. "पक्का येतो."

भनपुरीवाला ठरल्या वेळी येतो, म्हणून त्याची वाट पाहावी लागत नाही. ह्याची मात्र मंगळवारपासून पाहता येते. सकाळी उठून, कोणीतरी येणार आहे म्हणून, केस नीट विंचरता येतात. आज शुक्रवार. वांगी चिरून पाण्यात टाकली आहेत, मीठ बेतानंच घालणार आहे. घोडी आणि मी, दोघी दाराकडे बघून राहिलो. आज नाही आला तर उद्या येईल. इतक्या वर्षांत तो आलाच नाही, असं एकदाही झालेलं नाही.