उसनी पावरी

शेवंतीचा फोन आला तेव्हा मी जळगावला शाळेत जायच्या घाईत होते. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "आत्या, आई गेली..." आणि पाठोपाठ, "पावरी घेऊ का?" आई गेल्याचं सांगताना पोरीनं वाद्य मागावं, हे परक्याला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. त्या प्रश्नात माझी मार्थावहिनी सगळीच्या सगळी होती. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

वहिनी पिंपळनेरला नर्स होती. तिला आणि माझ्या भावाला मूल नव्हतं. शेवंती चार वर्षांची असताना दत्तक म्हणून घरी आली. मी लगेच सुचवलं की नाव बदलून एखादं बायबलमधलं ठेवा. वहिनी म्हणाली, "शीला, येताना ती एवढंच घेऊन आलीय. तेही काढून घेऊ?" मी नावाचा हट्ट सोडला, पण सल्ले देण्याची माझी खोड काही गेली नाही. पोरगी ताटवाट्यांवर ताल धरते हे दिसताच मी ठरवून टाकलं, हिला देवानं पेटीसाठीच घडवलंय. आमच्या चर्चमध्ये मी वर्षानुवर्षं पेटी वाजवते, माझ्यामागं कोण, हा घोर मला होताच. मी माझी जुनी पेटी एसटीत मांडीवर घेऊन पिंपळनेरला नेली. शेवंती समोर शहाण्यासारखी बसायची. बोटं मात्र अशी चालायची, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

मग एकदा साक्रीच्या बाजारात तिनं पावरी ऐकली. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, टोकाला शिंग, आणि सूर मध्ये कुठंही न तुटणारा. वाजवणाऱ्या नथूआबांसमोरून ती हलेचना. वहिनीनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तीही उभी राहिली. पुढच्या बाजारी दोघी परत गेल्या, त्याच्या पुढच्याही. शेवटी आबांनी तिला फुंकून बघायला सांगितलं आणि वहिनीकडे वळून म्हणाले, "आक्का, पोरगी शे, पन दम भलता शे. शिकाडसू मी."

पावरीत नाकानं श्वास घेत घेत तोंडानं फुंकत राहावं लागतं. त्याचा सराव म्हणजे स्टीलच्या पेल्यात पाणी, त्यात पपईच्या देठाची नळी, आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. वहिनी नाडी मोजायचं तिचं सेकंदकाट्याचं घड्याळ हातात धरून समोर बसायची. दवाखान्याची ड्युटी असो, पाहुणे असोत, सकाळची ती बैठक चुकली नाही. अंगणातल्या मांडवावर तिनं दुधीचे वेल चढवले आणि त्यातला एकही दुधी भाजीत पडू दिला नाही. भाऊ कुरकुरायचा. तिकडे लक्ष कोण देतो!

पिंपळनेरच्या चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. ते वाद्य दुसऱ्या देवांपुढं वाजतं, ख्रिस्ती घरात कशाला? सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता, हे कबूल करायला हवं. वहिनी शांतपणे म्हणाली, "तिच्या छातीत एवढा वारा मी भरला नाही, तुझ्या भावानंही नाही. ज्यानं भरला त्याची चूक झाली असं तू म्हणतेस का?" त्यावर मी रुसले.

त्या वर्षी कापणीच्या सणाला मी पिंपळनेरलाच होते. सणाला जो तो आपलं पहिलं पीक वेदीपुढच्या टेबलावर ठेवतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. बाजरीची कणसं, केळीचा घड, कोंबडा... आणि त्यांच्यात वहिनीनं मांडवावरच्या पहिल्या दुधीची, आबांनी बांधून दिलेली पावरी ठेवली. पीक म्हणून तिनं ती मनापासून वाहिली, आणि टेबलावरचं वाहणाऱ्याला परत घेता येत नाही, बोली लावूनही नाही, हेच विसरली. लिलाव करणाऱ्यानं पावरी उचलली तेव्हा तिचा चेहरा खर्रकन उतरला. शेवंती तर रडायच्या बेतात होती. कुणीतरी मागून विचारलं, "हे वाजतं तरी का?"

शेवंती पुढं आली, तिनं पावरी तोंडाला लावली आणि सूर सुरू झाला. तो थांबेना. आता श्वास घेईल, मग घेईल, म्हणून मीच माझा श्वास धरून बसले होते. आयुष्यभर मी पेटीचा भाता हलवला, पण देवाच्या घरात वारा भरतो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. सूर थांबला तेव्हा माझा हात वर होता. दुसऱ्या कुणी बोली लावलीच नाही.

मी पावरी शेवंतीच्या हातात दिली, तर वहिनी डोळे पुसत हसली. "आता ती तुझी आहे. पोरीला उसनी देत जा." तेव्हापासून शेवंती प्रत्येक वेळी फोन करून विचारते, "आत्या, घेऊ का?" वहिनीनंच लावलेली सवय. मला पोरीच्या वाढण्यातला वाटा असा हळूच देऊन ती मोकळी झाली.

त्या दिवशी फोनवर मी "घे" म्हणाले. आईच्या कबरीपाशी शेवंतीनं वाजवलं तेव्हा कुणी कुजबुजलं नाही.

परवा पिंपळनेरला गेले. मांडवावर एक दुधी जून व्हायला ठेवलाय, कुणी तोडू नये म्हणून देठाला वहिनीनं बांधलेली बँडेजची पट्टी तशीच आहे. सकाळी शेवंतीनं पेला भरला, नळी घेतली आणि आईचं घड्याळ माझ्यापुढं केलं. "आत्या, तू धर." मी वहिनीच्या जागेवर बसले. बुडबुडे सुरू झाले... ते थांबेपर्यंत काटा किती वेळा फिरला, ते मला सांगता येणार नाही. मी पोरीकडेच बघत होते.