चोरओटीचे तांदूळ

चोरओटी तिसऱ्या महिन्यात भरायची, कुणाला कळू न देता. पण सासूबाईंना कुठला दम निघतोय! वलवणच्या घराचं दार लावून त्यांनी मला दुसऱ्याच महिन्यात पाटावर बसवलं आणि पदरात नारळ, खण, घरच्या इंद्रायणीचे तांदूळ घातले. "उद्या ह्याची खीर करते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला रक्तस्राव सुरू झाला.

सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाल्या, "हा द्राक्षगर्भ आहे. यात बाळ नव्हतंच."

"मग मी रोज बोलत होते कुणाशी?" मी त्यांच्यावरच ओरडले.

पिशवी साफ केली, तरी रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन उतरेना, उलट वाढायला लागलं. राहिलेल्या पेशींचा कॅन्सर झाला होता. क्वचित होतो म्हणे. आला तो नेमका माझ्या वाट्याला! केमो सुरू झाली. दर आठवड्याला पुण्याला जाऊन रक्त द्यायचं. आकडा उतरला तर मी जगणार. ज्या हार्मोनमुळे दोन रेघा उमटल्या आणि मी घरभर नाचले, तेच आता जावं म्हणून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते.

येताना सोमाटण्याला नवरा गाडी थांबवायचा, मी उलट्या करायचे, सासूबाई पाठ चोळायच्या. एकदा पुटपुटल्या, "म्याच घाई केली, पोरी. माज्या हातानं झालं ह्ये."

काहीतरीच काय आई, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. खरं सांगते, राग काढायला मला कुणीतरी हवंच होतं. त्यांना तसंच जळत ठेवलं मी, कितीतरी महिने.

रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा नवरा गाडीतच ढसाढसा रडला. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी वाचले होते, आणि बाळाची शेवटची खूण रक्तातून गेली होती. बाळ नव्हतंच, हे मला काय कळत नव्हतं? तरी गेली.

घरी येऊन डबा काढला. चोरओटीचे तांदूळ सासूबाईंनी तसेच ठेवले होते. मी ते निवडले, धुतले आणि खीर शिजवली.

"आई, तुमच्या हातानं काही झालं नाही. मला तेव्हाही माहीत होतं."

मी घास घेतला, तो तोंडातच फिरायला लागला आणि मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"समदी न्हाई जायची तुला," त्या म्हणाल्या. "अर्धी मी खाते."