तांब्याच्या बुडावरचं नाव

ही गोष्ट सांगायची मी पन्नास वर्षं टाळली. आधी वडील होते म्हणून, मग बहीण होती म्हणून, आणि ती दोघंही गेल्यावर, आता ऐकायला कोण उरलंय म्हणून. कारणं मला नेहमी वेळेवर सापडत गेली.

गेल्या गणपतीत गावी गेलो होतो. चुलत भावाच्या नातवाने बाजारातून आणलेली बॅटरी दुसऱ्याच दिवशी बंद पडली. तो ती हातावर आपटत म्हणाला, "अब्बासचा माल निघाला!" सगळे हसले. मी विचारलं, "अब्बास कोण रे?" त्याला माहीत नव्हतं. "असंच म्हणतात आपल्याकडं, आजोबा. फसवणुकीचा माल म्हंजे अब्बासचा माल."

अब्बास कोण ते त्या ओटीवर फक्त मला माहीत होतं. तेव्हाही मी बोललो नाही. म्हणून आता लिहितो आहे. गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठीही.

मी गाव सोडलं ते एकोणीसशे सत्तावीसच्या सुमारास. बोर्ली पंचतनच्या अलीकडचं आमचं गाव तेव्हा जंजिरा संस्थानात होतं. भाताची थोडी जमीन आणि तीन भाऊ, म्हणजे एकाने मुंबईला जाणं ठरलेलंच. आई अंगणाच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत आली. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर उगीचच नीट केली आणि म्हणाली, "काय वाटेल ते कर, दत्तू, पण कुणाचं वापरलेलं अंगाला लावू नको. त्यातून दुसऱ्याचं सुख येत न्हाय, भोग तेवढा येतो."

वडील दिघीच्या बंदरापर्यंत चालत आले. आगबोट खाडीत लांब उभी राहायची आणि माणसांना पडावातून तिच्याकडे नेत. पडावात पाय ठेवण्याआधी वडिलांनी माझ्या हातात एक पितळी फुलपात्र दिलं. त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी आमचं आडनाव घातलेलं होतं. "नाव हाय ह्याच्यावर," ते म्हणाले, "कुठं राहिलं तरी घरी येईल."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. गावात कुणाकडे कार्य निघालं की घराघरातून भांडी जात. कार्य उरकलं की अंगणात त्यांचा ढीग पडे. वडिलांना अक्षरओळख होती, म्हणून भांडी लावायला त्यांनाच बोलावत. एकेक भांडं उचलून ते काठावरचं नाव मोठ्याने वाचत आणि ज्याचं त्याला देत. चमचासुद्धा चुकीच्या घरी गेला नाही, हा त्यांचा अभिमान होता. मी लहानपणी अक्षरं शिकलो ती भांड्यांवरच.

मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकली. सुताच्या एका पेढीवर कारकुनी मिळण्यासारखी होती, पण कोट आणि टोपीशिवाय शेठ समोर उभं करणार नव्हते. खोलीतल्या माणसांनी एका सुरात सांगितलं, "अब्बासचाचाकडे जा."

अब्बासचाचा दिघीच्या मोहल्ल्यातले. त्यांचे वडील गलबतावर होते, हे मात्र समुद्राला घाबरून चोरबाजारात दुकान घालून बसले होते. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. पुढे कुलपं, कंदील, घड्याळांचे काटे, मागे भांडी, आणि वर दोरीवर कोट, बाराही महिने गळफास लावल्यासारखे लटकलेले. मी आत वाकलो तसे ते म्हणाले, "थांब, बोलू नको. भांडी लावणाऱ्याचा पोर ना तू? नाक तेच हाय. भात कसा झाला औंदा?"

कोटाचं म्हटल्यावर त्यांनी दोरीवरून काळ्या अल्पाका कापडाचा एक कोट काढला. मी मागे सरलो. आईचं वाक्य सांगितलं.

"बरोबर हाय तिचं," चाचा म्हणाले. "पण शेठ काय तुझ्या आईला नोकरीवर ठेवणार हाय? घाल. हा एका मास्तरचा हाय. पेन्शनीत गेला, जिवंत हाय. मेलेल्याचे कपडे मी दोरीवर टांगत न्हाय."

खिशात शाईचा डाग होता आणि ट्रामचं एक जुनं तिकीट. त्या कोटात मला नोकरी लागली.

पुढची चार-पाच वर्षं माझे रविवार त्या जिन्याखाली गेले. जुनं कसं घ्यायचं ते चाचांनी शिकवलं. कोट उचलला की आधी काख बघायची, मग कॉलर उलटवायची, बाहेरचं कापड शेवटी. भांडं बोटाच्या पेरावर टांगून टिचकी मारायची. चांगलं असेल तर नाद लांबतो, चीर असेल तर लगेच गप्प होतं. "माणसाचं उलट असतं," ते म्हणत. "चीर असलेला जास्त वाजतो." आवडलेली वस्तू सगळ्यात आधी हातात घ्यायची नाही. आणि विकायला आलेल्या बाईचे डोळे सुजलेले असतील तर तिच्याशी घासाघीस करायची नाही, हे त्यांचं स्वतःचं कलम होतं.

माझा संसार असा उभा राहिला. लग्नानंतर परळच्या खोलीत आलो तेव्हा खाट एका गोऱ्या साहेबाच्या घरातली, कंदील कुणा पारशाचा, आरसा कोपऱ्यात डाग पडलेला. माझी बायको पहिले काही दिवस त्या आरशात बघताना पदर नीट करायची, जणू आत आधीची कुणी बसली आहे. पुढे मुलाचा पाळणा आला, त्याच्या दांडीवर कुणाच्या तरी बाळाच्या दातांच्या खुणा होत्या. आईला मी यातलं काही कळवलं नाही. पण खरं सांगतो, भोग कुठून आला नाही. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा माणसांनी सोडलेल्या वस्तूंवर मी जेवलो, झोपलो, माझी मुलं वाढवली. त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे, आणि त्या वस्तू मांडून बसलेल्या अब्बासचाचांचा सर्वात जास्त.

एकाच गोष्टीत चाचा हटून असत. जुन्या भांड्यांवर आधीच्या घराची नावं असायची. बाजारातले बाकीचे दुकानदार ती घासून टाकत. चाचा हात लावत नसत. गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत कुणी भांडी आणून टाकली तर ती मागच्या फळीवर ठेवून देत, माणूस परत येईल म्हणून. "नाव घासायचं म्हंजे कुणाचं तरी घर पुसायचं," ते म्हणत. "ते मला जमायचं न्हाय. तुझ्या बापाला विचार."

मग यमूचं लग्न ठरलं. यमू माझी धाकटी बहीण. मी गावी लिहून बसलो की भांड्यांची काळजी करू नका, मुंबईहून नवी कोरी घेऊन येतो. मुंबईकराची ऐट होती ती, दुसरं काही नाही. पगारात नवी भांडी बसणार नव्हती, हे मला लिहितानाच माहीत होतं. मी चाचांकडे गेलो. घंगाळ, परात, हंडा, कळशी आणि एक तांब्या, त्यांनी शोधशोधून चांगल्यातली दिली. तांब्या तर इतका सुरेख होता की टिचकी मारल्यावर नाद मनात दहा मोजेपर्यंत टिकला.

"ही लग्नात द्यायला, चाचा," मी म्हटलं. "नावं तेवढी काढून घेतो."

"काढू नको. जुनी हायत म्हणून सांगून दे. जुनं पितळ नव्याहून बरं असतं, तुझ्या बापाला कळतं ते."

"पण सोयऱ्यांना कळत नाही ना."

"मग निदान माझ्यासमोर घासू नको," ते म्हणाले आणि कुलपांकडे वळले.

मी भांडी तांबट आळीत नेली. काठावरची नावं घासून, पॉलिश करून, वर नवं नाव घातलं: 'चि. सौ. कां. यमुना हिस दत्तात्रयकडून'. तांब्याच्या खोलगट बुडात जुना मळ गच्च बसून पितळासारखाच गुळगुळीत झाला होता. तांबटाने त्यावरूनच पॉलिश फिरवलं. भांड्यांवर वाचायला शिकलेल्या मला तांब्या उलटा करून नीट बघावंसं वाटलं नाही.

चाचा लग्नाला आले होते. मुद्दाम आमच्याच बोटीने, यमूसाठी बांगड्या घेऊन. मांडवाच्या कडेला मोहल्ल्यातल्या माणसांबरोबर बसून ते वडिलांशी हसत होते. नवरदेवाला पाटावर बसवलं, पाय परातीत ठेवले. वडील पाय धुणार आणि आई पाणी घालणार. सकाळी आत्याने सगळी भांडी चिंच लावून लखलखीत घासली होती, आणि तांब्याच्या बुडातला मळ त्या चिंचेने सुटला होता. आईने तांब्या वाकडा केला. पलीकडे नवरदेवाचे मामा बसले होते. ते श्रीवर्धनकडे शाळेत मास्तर होते. त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर बूड आलं.

मामांनी ते मोठ्याने वाचलं, शाळेत वाचावं तसं. "कैलासवासी सगुणाबाई यांच्या स्मरणार्थ."

कुणाच्या तरी दिवसकार्यात दान दिलेला तांब्या होता तो. आईच्या हातून पाणी जमिनीवर सांडलं.

"वा! मुंबईची हुशारी!" मामा उभे राहिले. "मढ्याच्या नावाचा तांब्या आमच्या पोराच्या पायांवर? ऊठ रे, ऊठ पाटावरून!"

नवरदेवाने एक पाय परातीबाहेर काढलासुद्धा. आत यमू बसली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज बंद झालेला मला ऐकू आला. वडिलांनी ओल्या हातांनी तांब्या घेतला, उलटा केला, आयुष्यभर वाचत आले तसं ते नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "दत्तू, तू नवा म्हणाला होतास."

मी म्हटलं, "अब्बासचाचांकडून घेतला. त्यांनी नवा म्हणूनच दिला मला."

इतकंच वाक्य. ते बोलताना मी चाचांकडे बघितलं नाही, पण सगळा मांडव बघत होता. मामा म्हणाले, "काय हो, खरं हे?"

चाचा उठले. 'खोटं हाय' एवढंच ते बोलले असते, तर यमू त्या दिवशी तशीच घरात राहिली असती. ते म्हणाले, "व्हय. माझीच चूक. नजर कमी झाली, मास्तर, बुडाकडं बघायचं राहिलं. पोरीच्या लग्नात माझ्यापायी खोट नको. तांब्या दुसरा आणा, मी जातो." आणि पायात वहाणा घालून निघून गेले. जेवले नाहीत. आत्या शेजारून तांब्या घेऊन आली, मामा पुटपुटत खाली बसले, पाय धुतले गेले, लग्न लागलं.

यमूचा संसार चांगला झाला. तीच परात, तोच हंडा तिने पन्नास वर्षं वापरला. हे सुख तिला चाचांनी त्या एका वाक्यात दिलं, आणि मी घरात कुणालाही तसं सांगितलं नाही. सांगायला गेलो तर मामांचं तोंड पुन्हा उघडेल, हे माझं पहिलं कारण. पुढे कारणं वाढत गेली. गावात मात्र बोलणं थांबलं नाही. चाचा मढ्याची भांडी नवी म्हणून विकतात, असं आमच्या भागात झालं. गावकऱ्यांच्या खोलीतून नव्या माणसाला आता दुसऱ्या दुकानात पाठवत. दरवर्षी बोटीने घरी जाणारे चाचा त्यानंतर दिघीला उतरले नाहीत.

दीड वर्षाने एकदा धीर करून गेलो. ट्राममध्ये वाक्य पाठ केलं होतं. चाचा जिन्याखाली तसेच बसले होते, जरा वाळलेले. मला बघून म्हणाले, "ये. घाम पूस आधी. पेन्शनीतल्या मास्तरचा कोट टिकला की रे!"

मी वाक्य सुरू करायला तोंड उघडलं आणि विचारलं, "कुलूप आहे का एखादं?"

 त्यांनी तीन कुलपं काढली, तिन्ही उघडून-लावून दाखवली आणि त्यातलं सगळ्यात चांगलं माझ्यापुढे सरकवलं. "यमू बरी हाय?"

"बरी आहे. मुलगा झाला."

"झालं तर मग," ते म्हणाले. जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं, त्याची धूळ आमच्यावर पडली, ती त्यांनी माझ्या खांद्यावरून झटकली. मी कुलूप घेऊन घरी आलो.

त्यानंतर गेलो तेव्हा जिन्याखाली दुसरा माणूस होता. चाचा आदल्या पावसाळ्यात गेले होते. दफन मुंबईतच झालं. दिघीला त्यांचं नाव लिहिलेला एक दगडसुद्धा नाही.

तांब्या माझ्याकडे आहे. आई गेल्यावर गोठ्यातल्या कोनाड्यात सापडला. काठावर यमूचं नाव, बुडाला सगुणाबाईंचं, आणि मध्ये जे घर मी पुसलं त्याचे दोन-तीन ठिपके अजून बोटाला लागतात. लोक विचारतात, एवढी वर्षं मुंबईत काढली, आता घर कुठलं म्हणायचं? वडिलांच्या मते जिथे तुमचं नाव वाचून तुम्हाला ओळखून घेतात ते घर. तसं असेल तर मला मुंबईत ते जिन्याखालच्या जागेत मिळालं होतं, कोट अंगावर चढायच्या आधीच. आणि ज्याने दिलं त्याचं नाव मी त्याच्याच गावात खोटं पाडलं. गावकऱ्यांनो, पोरांना एवढं सांगा, अब्बासचा माल खरा होता. खोटा होता तो माझा.

आणि ट्राममध्ये पाठ केलेलं वाक्य इथे लिहून ठेवतो, कारण ते दुसरीकडे कुठे पोचवता येत नाही: चाचा, तुम्ही मला घासू नको म्हणाला होतात. मी घासलं, आणि सगळ्यांसमोर तुमचं नाव सांगितलं. माझं चुकलं. तुम्ही गावी या, मी बंदरावर घ्यायला येतो.