वच्छलानं काय खाल्लं होतं

दुखणं उठलं की वच्छला आधी काल काय खाल्लं ते आठवायची. कामठ्याच्या बसमध्ये गर्दीत तिकिटं देता देता तिचं मन मागे जायचं. चहा जास्त झाला का, लग्नघरी बुंदी घेतली होती का, सकाळचं चालणं बुडलं का. एखादी चूक सापडली की तिला जरा बरं वाटायचं. चूक सापडली म्हणजे उद्यापासून ती टाळता येते.

वच्छला गोंदियाच्या डेपोत कंडक्टर. माहेर शेतीचं. भाताच्या रोवणीत बायांच्या ओळीत ती सगळ्यांच्या पुढे असायची. पाळीत पोट दुखायचं ते मात्र शाळेपासून. "लग्न झालं का थांबते," आई म्हणायची. लग्न झालं. "लेकरू झालं का थांबते," सासू, सुलोचनाबाई, म्हणाल्या. खुशी झाली, ती आता चौथीत आहे. दुखणं थांबलं तर नाहीच, उलट पसरत गेलं. पाळीच्या आधी, पाळीनंतर, संडासला बसताना, बस खड्ड्यात आदळली की.

नागपूरला दुर्बिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच काहीतरी बाहेर उगवतं, अंडाशयावर, आतड्यांवर. दर महिन्याला सुजतं आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटवत जातं. तिचा नवरा श्यामलाल राइस मिलमध्ये मशीनवर होता. त्याला ते नाव बोलता यायचं नाही. कोणी विचारलं तर "आतून चिकटते तिचं" एवढंच सांगायचा.

ऑपरेशननंतर वर्षभर बरं गेलं, मग ते पुन्हा आलं. गोंदियातल्या डॉक्टर मॅडमनी गोळ्या दिल्या आणि समजावून सांगितलं. तळलेलं कमी, गोड कमी. पालेभाजी, मोड आलेलं, जवस, जमेल तेव्हा मासे. पाणी भरपूर. रोज चालायचं, कंबर मोकळी करणारे व्यायाम करायचे, पण थकेस्तोवर नाही. "अंगात आहे तेवढीच ताकद वापरा. आज सगळी संपवली तर उद्या कुठून आणणार?" मॅडम म्हणाल्या.

वच्छलानं ते देवाचं व्रत घ्यावं तसं घेतलं. कँटीनचा आलूबोंडा सुटला. तीन वेळा भात शिजणाऱ्या घरात तिच्यापुरती ज्वारीची भाकर होऊ लागली, सोबत पालेभाजी आणि जवसाची चटणी. "भातानं कोणाचं पोट दुखलं आजवर?" सुलोचनाबाई तवा आपटत म्हणायच्या. घर गोंदियाजवळच्या फुलचूरला. सकाळी तिथल्या रस्त्यानं ती चालायला निघाली की शेजारीण अंगणातून विचारायची, "दिवसभर बशीत उभी राहतेस, अन् वरून चालून कायले राहिली?" वच्छला हसून पुढे जायची. पाण्याचं तेवढं जमत नव्हतं. फेरीवर बाईमाणसानं जावं अशी जागा नव्हती, म्हणून डेपोत परत येईस्तोवर ती ओठ कोरडे ठेवूनच उभी राहायची.

तरी काही महिने खरंच चांगले गेले. ड्युटीवरून आल्यावर तिला खुशीचा अभ्यास घ्यायची ताकद उरू लागली. आपल्याला किल्ली सापडली, असं तिला वाटलं.

मग दुखणं परत आलं. आणि या वेळी घरातल्या सगळ्यांनाच कारण माहीत होतं. "परवा दोनदा चहा पेली तू," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सोमवारी चालाले नाही गेली ना," श्यामलाल म्हणाला. तो वाईट हेतूनं बोलत नव्हता, पण वच्छलाला ते खरंच वाटलं. तिनं चहा सोडला. दूध सोडलं. गव्हाची पोळी सोडली, कोणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं म्हणून. एकेक सोडत सोडत ताटात फारसं काही उरलं नाही. चेहरा ओढला गेला, युनिफॉर्म अंगावर लोंबू लागला. दुखणं मात्र होतं तिथेच होतं.

बाजाराच्या दिवशी बस खच्चून भरली होती. कामठा जवळ आलं आणि तिच्या पोटात कोणी ओलं लुगडं पिळावं तसा पीळ बसला. तिकिटाचं मशीन हातातून निसटलं. ती दाराच्या पायरीवरच खाली बसली. ड्रायव्हर बिसरामनं आरशात पाहिलं आणि गाडी कडेला घेतली.

रुख्मा नावाची कामठ्याची म्हातारी भाजी विकून परत चालली होती. तिनं वच्छलाचं डोकं मांडीवर घेतलं. "काय होऊन राहिलं, बाई?"

"पाळी आहे," वच्छला म्हणाली. बसभर पुरुष होते. तिनं हा शब्द आजवर नवऱ्यासमोरही मोठ्यानं उच्चारला नव्हता.

"मंग काय झालं? सगळ्याच बायांले येते," मागून एक बाई बोलली.

"सगळ्या अशा पडतेत का? गप बस," रुख्मा म्हणाली. तिनं आणि आणखी दोघींनी पदर आडवे धरले. बिसरामनं डेपोला फोन करून कळवलं आणि गाडी थेट कामठ्याच्या दवाखान्यापाशी नेली.

दोन दिवसांनी श्यामलाल तिला डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेला. वच्छला खुर्चीच्या टोकावर बसली होती. "मॅडम, मी सगळं केलं. गोडाचा कण नाही खाल्ला. चालणं नाही बुडवलं. मंग काऊन दुखलं? माझं काय चुकलं ते सांगा, मी ते पण सोडते."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "तुमचं काही चुकलं नाही. हा आजार खाण्यानं झाला नाही, आणि खाण्यानं जाणारही नाही. जेवण, चालणं, आराम यांनी थोडं सुसह्य होतं. काहींना तेवढंही नाही होत. आणि एवढं सोडू नका, अंगात काही राहिलं नाही तुमच्या."

श्यामलालला सुटल्यासारखं वाटलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "पाहा, तुझी चुकीच नाही."

फुलचूर येण्याआधी वच्छलानं त्याला गाडी थांबवायला सांगितली, धानाच्या बांधावर जाऊन बसली आणि रडली. बाळंतपणातही ती अशी रडली नव्हती. "चूक होती तर सुधरवता येत होती," ती म्हणाली. "आता माझ्या हातात काय आहे?" श्यामलाल तिच्यामागे बांधावर आला. तिच्या रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून तो नुसता उभा राहिला.

घरी सुलोचनाबाईंनी दारातच विचारलं, "काय खाल्लं होतं म्हणे तिनं?"

"आई, हे आता विचारायचं नाही," श्यामलाल म्हणाला.

वच्छला दूध आणि पोळी पुन्हा घेऊ लागली. भाकर, चालणं चालूच आहे, कारण ते नसलं की कंबर आणखी धरते. वाईट दिवशी ती चालायला जात नाही, रजा टाकून गरम पाण्याची पिशवी पोटावर घेऊन पडून राहते. रुख्माचं घर कामठ्याच्या स्टॉपलाच लागून आहे. तिथला संडास वच्छलाला मोकळा आहे, बिसराम तेवढा वेळ गाडी थांबवतो, त्यामुळे ती आता ड्युटीवर पाणी पिते. एवढं झालं.

मॅडमनी दुसऱ्या ऑपरेशनचं सुचवलं आहे. "त्याच्यानंतर परत नाही ना येणार?" वच्छलानं विचारलं होतं. तसं सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. परवा बस रिकामी होती. खिडकीशी बसून तिनं पाळी जायला अजून किती वर्षं आहेत ते बोटांवर मोजायला घेतलं, आणि मध्येच सोडून दिलं.