वहिनींच्या मोबाईलमधले ते आकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रविवारी विहारात शेजारी बसणाऱ्या मित्रांनाही नाही. इथं नाव न घालता लिहिता येतं, म्हणून लिहायला बसलोय. किती जमतंय बघू.

भूतखेत, आत्मा, पितर या गोष्टींना आमच्या घरात जागाच नव्हती. वडिलांनी आम्हा दोघा भावांना लहानपणीच बजावलं होतं. आत्मा नाही, श्राद्ध नाही, पिंडदान नाही. माणूस आहे आणि त्याचं वागणं आहे, बस्स. आता मी पन्नाशी ओलांडली आहे. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. इथले अनुभव मी वाचायचो ते करमणूक म्हणून. कुणी पांढरी साडी नाहीतर पैंजणांचा आवाज लिहिला की पुढचं वाचायचोच नाही. तुम्हीही माझं अर्ध्यात सोडलंत तर राग येणार नाही.

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आमची इमारत आहे. वडिलांच्या दोन खोल्या पाडून आम्ही भावांनी मिळून ती बांधली. पहिल्या मजल्यावर दादा आणि वहिनी, दुसऱ्यावर मी आणि माझी बायको संगीता, आणि खाली तळघरात दादाचं शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाईकाम. सात-आठ मशिनी, तेवढ्याच बायका कामाला. उन्हाळ्यात शाळा उघडायच्या आधी तिथं पाय ठेवायला जागा नसते, निळ्या-खाकी कापडाचे गठ्ठे छतापर्यंत.

त्या तळघरात मोबाईलला रेंजच येत नाही. एक काडीसुद्धा नाही. फोन यायचा-जायचा तो वाय-फायवरून. राउटर माझ्या घरात, आणि जिन्यात सिग्नल पुढं ढकलायला एक छोटं यंत्र. नेट माझ्या नावावर, पासवर्ड मी ठेवलेला.

पण पासवर्ड बोळातल्या निम्म्या पोरांपर्यंत पोचला. नेट रांगायला लागलं. तेव्हा मी लॅबमध्ये करतो तेच घरी केलं. राउटर प्रत्येक मोबाईलला आपणहून पत्ता देत असतो, ते बंद करून टाकलं. मग घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये हातानं भरायचं — तुझा पत्ता हा, आणि बाहेर जायचं दार हे. आकडे बरोबर असतील तरच नेट.

दादा म्हणाला, "अन्या, मला शिकीव. सारखं तुझ्या दारात यायला नको."

चष्मा कपाळावर, जीभ दातात धरलेली, एका बोटानं टाइप. एकशेब्याण्णवच्या जागी त्यानं एकशेअठ्ठ्याण्णव टाकलं. पुसलं. परत एकशेअठ्ठ्याण्णवच.

"हा काय गॅसच्या टाकीचा नंबर हाय का रे?"

"पत्ता आहे दादा. घरातल्या घरात मोबाईलचा. शेवटी दोन टाक. वहिनी तीन, मी चार, संगीता पाच. मानाप्रमाणे दिलेत."

"आन् एक कुणाला?"

"राउटरला."

"मंजे घरात थोरला त्यो डबा व्हय!"

मशिनीवरच्या बायका हसायला लागल्या. वहिनी काज-बटण करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "डबा भाऊजींच्याच खोलीत हाय न्हवं? मंजे थोरले भाऊजीच की."

मीही हसलो होतो.

पुढं काही महिन्यांनी मी तळघरात बसलो होतो. एका शाळेचे लोक मापं द्यायला आलेले. त्यांनी विचारलं, हे काय करतात? दादा म्हणाला, "आमचा धाकटा कॉलेजात हाय. कॉम्प्युटर पुसायला." त्याच्या मनात काही नव्हतं. तो सगळ्यांची अशीच टर उडवायचा, स्वतःचीसुद्धा. पण त्या बायका हसल्या, आणि या वेळी मला ते लागलं. लॅबमध्ये वीस वर्षं मी हेच ऐकत आलोय, फक्त वेगवेगळ्या तोंडून.

संध्याकाळी वर गेलो. राउटरचं पान उघडलं आणि घरातली पत्त्यांची मालिकाच बदलली. पत्त्यात चार आकडे असतात, त्यातला तिसरा एक होता, तिथं त्र्याऐंशी घातला. त्र्याऐंशीच का, तर काही कारण नाही, मनात आला. माझ्या आणि संगीताच्या मोबाईलमध्ये नवे आकडे भरले. चहा निवायच्या आत सगळं झालं. खालच्या दोघांच्या मोबाईलवर वाय-फायची खूण तशीच दिसत राहणार होती, पण त्यातून काही जाणार नव्हतं आणि काही येणार नव्हतं. म्हटलं, येऊ दे वर. विचारू दे.

आला तो. गुडघे धरत जिना चढून.

"अन्या, खाली नेट न्हाय रे. ऑर्डरवाल्यांचे फोन येईनात. बघ की जरा."

मी मान वर केली नाही. "कंपनीकडूनच बंद आहे."

माझ्या हातातल्या मोबाईलवर तेव्हा व्हिडिओ चालू होता. दादानं तो पाहिला. पाहिलाच असणार. म्हणाला, "बरं. आलं की सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जेवायला घरी गेल्या आणि दादा तळघरात एकटा होता, तेव्हा त्याच्या छातीत कळ आली. वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी वर होतो. त्या दिवशी माझी सुट्टी होती... मी वरच होतो. दोन मजले वर, पंखा मोठा करून पडलेला.

परत आलेल्या बाईनं आरडाओरडा केला तेव्हा मी धावलो. रिक्षात त्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि त्याचा मोबाईल माझ्या हातात. स्क्रीन उघडीच होती. त्यावर — अन्या. अन्या. अन्या. त्याच्याखाली पुन्हा अन्या. एकही फोन लागलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून मी ती नावं पुसली. त्याला एक बोट पुरलं.

नंतर राउटरमध्ये जुना आकडा परत घातला असता तर सगळं आपोआप सुरू झालं असतं. तेवढंही मी केलं नाही. कुणीतरी विचारलं असतं, आज बरं आलं? कंपनीनं चालू केलं का? आणि तो विषय निघालेलाच मला नको होता. काम वहिनींनी पुढं चालवलं. त्यांना मी सांगितलं की तळघरात आता सिग्नलच पोचत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. फोन करायचा तर त्या शटरबाहेर रस्त्यावर येऊन करायच्या. त्यांचा मोबाईल मी हातात घेतला नाही, ते सेटिंगचं पान त्यांच्यासमोर उघडायची हिंमत नव्हती.

विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझे ओठ हलायचे पण आवाज निघायचा नाही. शेजाऱ्याला वाटायचं, भावाच्या आठवणीनं गळा भरून येतो.

आता मुख्य गोष्ट. ही या उन्हाळ्यातली.

दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही असं ऊन. कॉलेजला सुट्टी, मी रिकाम्या लॅबमध्ये कीबोर्ड बदलत बसलो होतो. फोन वाजला. 'वहिनी'.

"भाऊजी..." आवाज चिरकलेला, श्वास पुरत नव्हता. "गठ्ठे पडले अंगावर... खाली हाय मी... कुणी न्हाय हितं..."

मी स्कूटर काढली. त्या दिवशी कामाच्या बायकांना सुट्टी होती, म्हणजे शटर खाली ओढलेलं असणार; समोरच्या किराणा दुकानदाराला फोन करून ते उचलायला सांगितलं आणि निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा डोक्यात आलं — खाली? तळघरातून फोन लागला कसा?

मागून हॉर्न वाजायला लागले. दिवा कधी हिरवा झाला मला कळलंच नाही.

पोचलो तोवर दुकानदारानं आणि आणखी दोघांनी शटर वर केलं होतं, गठ्ठे ओढून काढत होते. वहिनींचा पाय मोडला होता, बरगड्यांना मार होता. छातीवर आडवा पडलेला गठ्ठा एकट्या माणसाला हलणारा नव्हता. डावा हात तेवढा मोकळा, त्यात मोबाईल. मागच्या वेळी नेलं होतं त्याच हॉस्पिटलात नेलं. या वेळचे डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, अजून तासभर छाती दबलेली राहती तर अवघड होतं.

संगीता सांगोल्याला माहेरी गेली होती, म्हणून वहिनींचे कपडे आणायला संध्याकाळी मीच घरी आलो. त्यांचा मोबाईल माझ्या खिशात होता. सरळ तळघरात उतरलो. शटर उघडं, मावळतीचं ऊन पायऱ्यांवर. मोबाईल काढला. रेंज शून्य. वाय-फायची खूण होती. नेट चालू होतं. जोरात चालू होतं.

ते पान उघडलं.

पत्ता — 192.168.83.2. दार — 192.168.83.1. हातानं भरलेले, सेव्ह केलेले.

वहिनींना मी तीन दिला होता. दोन दादाचा. आणि त्र्याऐंशी... त्र्याऐंशी मी कुणालाच सांगितलेला नव्हता. दादालाही नाही. दादाला तर मी कंपनीचं नाव सांगितलं होतं.

मी एका गठ्ठ्यावर बसलो. भीती वाटली नाही, खरंच सांगतो. लहानपणी वडील काही न बोलता समोर येऊन उभे राहिले की आपण पकडले गेलोय हे कळायचं, आणि तरीही ते जवळ आहेत याचं बरं वाटायचं, तसं काहीतरी. तळघर नेहमीचंच होतं, मशिनी, दोऱ्यांची रिळं, खडूची पावडर. पण ते कुठल्याही विहाराहून मोठं झाल्यासारखं वाटलं. मला तिथं मोठ्यानं श्वास घेववेना.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात वहिनी शुद्धीत, उशीला टेकून. मी न विचारता त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

"तुमाला फोन लावला, लागंना. परत लावला, न्हाय लागला. म्हटलं संपलं आता. मग मोबाईल आपल्या आपण उघडला बगा. तुमी मागं दाखवलं होतं तसलं पान आलं. आकडे पडायला लागले... लई सावकाश. एक पडायचा, थांबायचं, मग दुसरा. एकशेअठ्ठ्याण्णव पडलं, पुसलं. परत एकशेअठ्ठ्याण्णव, परत पुसलं. मग ब्याण्णव झालं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "असं ह्यांचंच व्हायचं की नाही, भाऊजी?"

मी त्यांची उशी नीट करायला वाकलो.

"मी म्हटलं, लवकर करा की हो, मला दम लागलाय!" आणि त्या हसल्या, हसताना बरगड्या धरल्या, डोळ्यांत पाणी आलं. "मग हिरवं बटण दाबलं. लागला तुमचा फोन."

जरा वेळानं म्हणाल्या, "पण मधला आकडा निराळा होता. आपला एक होता न्हवं? बदलला कधी?"

मी म्हणालो, "बघतो."

इतकंच म्हणालो. पाण्याची बाटली घेऊन भरायला गेलो आणि नळापाशी बराच वेळ उभा राहिलो.

तुम्ही म्हणाल, पुतण्यानं भरले असतील. सुमेध पुण्याला असतो, दिवाळीनंतर आलेला नाही, आणि त्याला जुनाच आकडा माहीत होता. संगीताच्या मोबाईलमध्ये सगळं मीच भरतो, तिला ते पान कुठं असतं हेही माहीत नाही. दादाचा मोबाईल सुमेधकडे आहे, त्यात दुसरं सिम आहे. वेदनेत वहिनींना भास झाला असेल म्हणाल, तर झाला असेल. पण भासानं नेट चालू होत नाही. आणि मीच कधीतरी भरून विसरलो असेन? तो मोबाईल हातात घ्यायला मी किती घाबरत होतो ते वर लिहिलंच आहे. राउटरचं पान मी परत परत पाहिलं. वहिनींचा मोबाईल तिथं दोन या पत्त्यावर आहे, आजही आहे. मी त्याला हात लावलेला नाही.

वडील असते तर म्हणाले असते, आत्मा नसतो, अन्या, नीट शोध, कारण सापडेल. मी शोधतोय. सापडलेलं नाही. मला एवढंच कळतं की ज्यानं कुणी ते आकडे भरले, त्याला मी काय केलं होतं ते माहीत होतं. समोर दुकानदार होता, पुण्यात पोरगा होता. तरी फोन लागला तो मलाच.

वहिनी आता घरी आहेत. काठी घेऊन चालतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की भाऊजी होते म्हणून वाचले. मी तिथंच बसलेला असतो, कपाकडे बघत.

त्या दिवशी नेट कंपनीनं बंद केलं नव्हतं, मी केलं होतं, आणि दादा मला फोन लावत होता. हे वहिनींना माझ्या तोंडून कळायला हवं. इथं तुम्हाला सांगितलं, त्यांना अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.