आईचा लचकलेला हात

त्या वर्षी घरातले सगळे माझ्याशी चांगले वागत होते, आणि म्हणूनच मला त्यांचा संशय येत होता.

पुण्यात काही वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन, शेवटच्या निकालातही नाव न आल्यावर, मी ढोकीजवळच्या आमच्या गावी परत आले होते. बरोबरीच्या मैत्रिणींपैकी कुणी तलाठी झाली होती, कुणी शिक्षिका. कुणाची पोरं शाळेत जात होती. माझ्याकडं पोतंभर पुस्तकं होती, तीही भावानं माळ्यावर टाकली. धाकट्या भावाचं लग्न माझ्या आधी झालेलं. मी मागच्या खोलीत पडून असायचे. आपलं आयुष्य वाया गेलं, हे मी एखाद्या निकालासारखं मान्य केलं होतं. त्यात रडण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

तरी आई मला सकाळी उठवत नव्हती. भाऊ ट्रॅक्टरच्या टायरबद्दल माझं मत विचारायचा. मला टायरमधलं काय कळतं? वहिनी न मागता चहा आणून ठेवायची. कुणीच टोमणा मारत नाही म्हणजे यांनी आपसात काहीतरी ठरवलंय, हे मी ओळखलं.

येळवस तोंडावर आली. आमच्या भागात या अमावास्येला गावं ओस पडतात. सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि ओळखीचा-अनोळखी जो येईल त्याला जेवू घालतात. आमच्या घरची येळवस वर्षानुवर्षं आईच्या हातची. तिला दुसऱ्यानं पळीसुद्धा लावलेली चालायची नाही. आणि त्या वर्षी ती ऐन वेळी मनगटाला हळद-चुन्याचा लेप लावून माझ्या दारात उभी राहिली.

"हात लचकलाय. यंदा येळवस तुझ्याकडं."

"वहिनी आहे की."

"ती उमरग्याची. तिला आपलं प्रमाण ठावं न्हाय."

"मला तरी कुठं माहितेय?"

"शिकलेली हायेस ना? लिहून काढ."

एवढ्यात वहिनीनं सहज सांगितलं, "माझा भाऊ येणार हाय जेवायला." तिचा भाऊ उमरग्यात औषधाच्या दुकानात होता. मला सगळा डाव कळला. येळवशीच्या नावाखाली मला दाखवायचं, आणि स्वयंपाकही माझ्याच हातचा खाऊ घालायचा. मी ठरवलं, जेवण चोख करायचं, कारण येणारी माणसं उपाशी राहता कामा नयेत. पण अंगावर जुना, विटका ड्रेस घालायचा.

मग मी कामं लिहून काढली. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ ताकात आदल्या दिवशी भिजवायचं, नाहीतर ती आंबत नाही. भज्जीच्या मिश्र भाजीला तूर, वाटाणा, हरभरा, वाल सोलून ठेवायचे. बाजरीचे उंडे, खीर, धपाटे. पुण्यातून आल्यापासून पहिल्यांदाच मी कशाचातरी क्रम लावत होते. आई ओट्याजवळ बसून नुसती बघायची. तीही संशयास्पद गोष्ट होती, कारण नुसतं बघणं तिच्या स्वभावात नाही.

"वन्सं, एवढी चिंच?" भज्जी ढवळताना वहिनी म्हणाली.

"एवढीच. तुझ्या भावाला गोड लागतं का?"

"त्याला काय, काहीबी लागतं."

रानात वहिनीचा भाऊ आला. मी त्याच्याकडं न बघता वाढलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं नाही. तीनदा आंबील मागितली, मग खिशातून पत्रिका काढून आईच्या हातात दिली. त्याचंच लग्न होतं. "सगळ्यांनी यायचं," असं म्हणून तो बोरीच्या झाडाखाली आडवा झाला आणि घोरायला लागला.

"अक्का, ही गोधडी कशापायी घातलीस गं?" भाऊ माझ्या ड्रेसकडं बघून म्हणाला. मी त्याच्या ताटात भज्जी ओतली.

येणारे येतच होते. मी जेवायला बसले तेव्हा भज्जी भगुण्याच्या तळाशी आली होती आणि कुणीही उपाशी गेलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत आवराआवर करताना मागं वळून बघितलं, तर आईनं आंबिलीचं निम्मं भरलेलं मडकं उचलून कडेवर घेतलं होतं. त्याच हातानं.

"हात?"

"बरा झाला."

"कधी?"

"आत्ताच. चल, अंधार पडंल."

मी चिडायला हवं होतं. पण तिच्या हाताचं दुखणं खोटं असलं, तरी जेवून गेलेली माणसं खरी होती. त्या दिवसानं माझं आयुष्य बदललं वगैरे नाही. पुढं एक वसतिगृह सांभाळायचं काम मिळालं, त्याला बऱ्याच खटपटी लागल्या. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून उठले आणि भांडी कुणाची कुणाला परत द्यायची ते लिहायला बसले. आयुष्य वाया जात नसतं, असं समजावणाऱ्यांवर माझा आजही विश्वास नाही. आईनं तसं कधी म्हटलं नाही, काम दिलं.

यंदा, इतक्या वर्षांनी, भावाची मुलगी तशीच पुण्याहून परत आलीय. मागच्याच खोलीत पडून असते. येळवशीसाठी मी माहेरी आले, आणि काल तिच्या दारात जाऊन म्हणाले, "गुडघा धरलाय माझा. यंदा येळवस तुझ्याकडं."

"कुठला गुडघा, आत्या?"

"डावा."

"सकाळी उजवा म्हणत होतीस," ओसरीवर वाटाणे सोलत बसलेली आई म्हणाली.

पोरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं. मग बाहेर येऊन तुरीच्या शेंगांची पाटी स्वतःकडं ओढली.